वस्तू कोणासाठी?
(इंदापूर येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूस घेऊन विचारले, "आमचा मुलगा प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे म्हणतो. म्हणजे नेमके काय व्हायचे म्हणतो?" प्रश्न रास्त होता. मी स्वतः पुण्यात हेच काम काही वर्षे करीत असूनही मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. कार्यकारी मंडळाने आज मला बोलण्याची आज्ञा केली, ती बहुधा त्या न दिलेल्या उत्तराची वसुली म्हणूनच असावी.

कंपनी जी वस्तू किंवा सेवा लोकांपुढे ठेवते ती कोणासाठी असावी, तिने कोणती अडचण निवारावी, आधी काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे ठरविण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो प्रॉडक्ट मॅनेजर. तो यंत्र घडवीत नाही आणि मालही विकत नाही. पण दोन्हीकडे काही बिघडले तर जाब त्यालाच विचारतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकेतील साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १९३१ साली एक टिपण लिहिले. या पदाचे मूळ पुष्कळ लोक त्या टिपणात शोधतात. आज संगणक व मोबाईलच्या धंद्यात या पदाला मोठा मान व बरे वेतन आहे, आणि म्हणून त्याची मुलाखतही कठीण असते.

त्या मुलाखतीतला सर्वांत फसवा प्रश्न रचनेचा. "दृष्टिहीन माणसासाठी गजराचे घड्याळ तयार करा," असे परीक्षक सांगतो व गप्प बसतो. पाऊण तासात उमेदवाराने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा असतो. या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, हे आपल्या मुलांना प्रथम खरेच वाटत नाही. कारण बारावीपर्यंत त्यांना असा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

याकरिता पुस्तके आहेत. लुईस लिन या लेखकाची 'सर्कल्स' नावाची सात पायऱ्यांची पद्धत तर मुलांना तोंडपाठ असते : परिस्थिती समजून घ्या, ग्राहक ठरवा, त्याच्या गरजा सांगा, त्यांतली महत्त्वाची निवडा, उपाय मांडा, त्यांचे गुणदोष तोला, शेवटी आपली शिफारस सांगा. पद्धत वाईट नाही. मीही ती शिकलो आहे. परंतु आपण सुतार माणसे आहोत. गुण्या लावला म्हणजे चौकट काटकोनात बसते, पण चौकट कोणत्या दाराची हे गुण्या सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा माझ्यापुढे मुलाखतीस बसला होता. मी त्याला विचारले, "शेतकऱ्याला पाण्याचा पंप चालविण्यासाठी काही साधन तयार करा." मुलाने सातही पायऱ्या क्रमाने चढून दाखविल्या. हवामानाचे आलेख, पिकांच्या भावाची पाटी, रंगीत नकाशे, सारे काही मांडले. त्याच्या उत्तरात शेतकरी होता, पण त्या शेतकऱ्याला वय नव्हते, गाव नव्हते आणि रात्रही नव्हती. मुलाखत संपल्यावर चहा पिताना तो सहज बोलून गेला की, रात्रपाळीची वीज आली की त्याचे वडील बॅटरी घेऊन दीड कोस चालत जातात, आणि एकदा त्यांना वाटेत फुरसे आडवे आले होते. मी म्हटले, "अरे, हे मघाशी का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "सर, ते घरचे आहे. ते सांगायला बरे वाटले नाही." नियमाप्रमाणे मला आधीच्या पाऊण तासावरच शेरा द्यावा लागला, आणि त्याला नकार लिहिणारा हात माझाच होता. आजचे हे भाषण मी त्या मुलासाठीच लिहून आणले आहे. तो येथे आहे की नाही, ते विचारीत नाही.

आता तोच प्रश्न पुन्हा घेऊ. आधी पोटप्रश्न विचारावेत. पंप कोठला? विहिरीवरचा की उजनीच्या फुगवट्यावरचा? उजनीच्या काठच्या मंडळींना ठाऊक आहे की, उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तसा पंप व पाईपही पाण्यामागे न्यावा लागतो. म्हणजे एकाच जागी कायमचे बसविलेले साधन तेथे अर्धे निरुपयोगी. वीज केव्हा मिळते? आठवड्यातून काही दिवस ती रात्री येत असेल तर अडचण एक, आणि २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या उपायांनी ती दिवसा मिळू लागली असेल तर अडचण निराळी. हे न विचारता जो उपाय सांगू लागतो, त्याला परीक्षक मनातल्या मनात तेथेच थांबवितो.

मग माणूस निवडावा, आणि एकच निवडावा. 'शेतकरी' हा माणूस नव्हे. पासष्ट वर्षांचे, गुडघे दुखणारे, चष्म्याशिवाय न वाचणारे, साधा बटनांचा फोन बाळगणारे गृहस्थ, हा माणूस झाला. त्यांची गरज पंप चालविणे ही नाही. रात्री दोन वाजता घराबाहेर न पडता पिकाला पाणी मिळावे, ही त्यांची गरज आहे. एवढे नीट सांगितले की निम्मे उत्तर झाले, असे माझे मत आहे.

उपाय शोधताना पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणाचा अभ्यास मुलांनी अवश्य करावा. आपल्या वृद्ध आजोबांचे पंपाकडे होणारे हेलपाटे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. उपकरण पंपाच्या स्टार्टरला जोडायचे व त्यास साधा फोन लावायचा. ऐकू येणाऱ्या आवाजावरून वीज आहे की नाही ते कळते आणि घरबसल्या मोटार चालू किंवा बंद करता येते. वाचावे लागत नाही, महागडा फोन लागत नाही. ज्या फोनला आपण मागासलेला म्हणतो, त्याचाच येथे गुण झाला.

परंतु स्वतःच्या उपायातले दोष उमेदवाराने स्वतःच काढावेत. शेतात फोनची रेंज नसेल तर? वीज आली पण दाब कमी असेल, किंवा विहिरीत पाणीच नसेल, तर घरबसल्या चालू केलेली मोटार जळेल. ती कशी वाचवाल? पेटी चोरीस गेली तर? आणि यश कशाने मोजाल? आमच्याकडे येणारी बहुतेक मुले 'किती लोकांनी ॲप उतरवून घेतले' असे सांगतात. रात्रीचे किती हेलपाटे वाचले आणि किती मोटारी जळाल्या, हे सांगणारा उमेदवार मला अद्याप एकच भेटला. ती मुलगी होती, आणि तिची निवड झाली.

येथे वडीलधाऱ्यांना वाटेल की हा सारा साहेबी खटाटोप आहे. वस्तुतः तो आपल्या दारातला आहे. बलुत्यावर काम करणारा गावचा सुतार नांगर करावयास घेई तेव्हा बैलजोडीची उंची, जमीन काळी की मुरमाड, रुमण्यावर हात ठेवणारा उंच की ठेंगणा, हे पाहूनच वाकस चालवी. बलुते सुगीला मिळे व नांगर वर्षभर चाले. जू नीट बसले नाही तर कुणबी दुसऱ्याच दिवशी दाराशी उभा राही. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकण्याची एवढी पक्की सोय आमच्या कंपनीतही नाही.

तथापि पूर्वजांची नुसती स्तुती करून भागणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, पुढे तो नांगर गावोगाव गेला आणि आपले काम त्याच्या मागे मागे कमी होत गेले. असे का झाले? आपण विचारीत होतो, 'लाकडी नांगर अधिक चांगला कसा होईल?' शेतकऱ्याला हवी होती खोल व उलथून पडणारी नांगरट, म्हणजे हरळीची मुळे वर येतील. लाकडी नांगर माती उकरी, उलथवीत नसे. आपण वस्तूवर प्रेम केले. गरज दुसऱ्या कोणी ओळखली. मुलाखतीत "तुमची आवडती वस्तू कोणती व ती कशी सुधाराल?" असेही विचारतात, तेव्हा हा नांगर आठवावा.

याच्या उलट उदाहरण जयपूरचे. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे, त्यावर मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात चालता येत नसे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्याने आपल्या लोकांच्या बसण्याउठण्याला साजेसा पाय घडविला. कारागीर आणि डॉक्टर एकत्र बसले, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

तयारीबद्दल थोडे. रोज एक प्रश्न घ्यावा, घड्याळ लावावे व मोठ्याने बोलावे. मनातल्या मनात केलेली तयारी मुलाखतीत उपयोगी पडत नाही, हा माझा अनुभव. समोर कोणीतरी ऐकणारा हवा. आईला बसवा; तिला न समजलेला शब्द टाकून द्या. आठवड्यातून एक दिवस बाजारात, दवाखान्यात वा बँकेत तासभर उभे राहून लोक कोठे अडखळतात ते वहीत टिपावे. इंग्रजी अडखळते म्हणून घाबरू नये, पण सराव इंग्रजीतूनही करावा, कारण मुलाखत बहुधा त्याच भाषेत होते. खोटा धीर मी देणार नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता याच सभागृहात दोघादोघांच्या जोड्या करून आपण सराव करणार आहोत. चहाची सोय महिला मंडळाने केली आहे. वही ज्याने त्याने आणावी. पहिला प्रश्न आताच सांगून ठेवतो, म्हणजे रात्री विचार करता येईल. शेवटच्या गाडीने इंदापूरच्या एस.टी. स्थानकावर एक विद्यार्थिनी एकटीच उतरली आहे, तिचे गाव आठ किलोमीटरवर आहे आणि फोनची बॅटरी संपत आली आहे. तिच्यासाठी काय कराल?