डॉकिंगनंतरची काचपट्टी



औषधशास्त्राच्या कितीतरी शोधनिबंधांवर ‘न्यू नंदनवन, नागपूर’ असा पत्ता छापून आला आहे. तो जे. एल. चतुर्वेदी फार्मसी महाविद्यालयाचा. आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांतली एम. फार्म.ची मुलं आज साध्या संगणकावर डॉकिंग करतात, म्हणजे एखादा रेणू प्रथिनावर कसा बसेल ते पाहतात. लाखो रेणूंमधून कोणते आधी तपासायचे, ते संगणकाकडून निवडून घ्यायचं. हे काम विदर्भाच्या दुखण्याला, सिकलसेलला, लागावं असं मला मनापासून वाटतं. मध्य भारतातल्या या आजाराबद्दल शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, त्याला किती वर्षं झाली पाहा.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. रक्तातला ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खळग्यात रुतून बसतं. फिनाइलअ‍ॅलनिन 85 आणि ल्युसिन 88 यांच्यामधला हा खळगा. अशी रेणूंची माळ वाढत जाते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्या वेदना ज्या घरांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगू!

हा खळगा एखाद्या रेणूने आधीच भरला, तर माळ थांबू शकेल. खळग्याची रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळते. ‘ऑटोडॉक व्हिना’ हा 2010 चा प्रोग्रामही फुकट. तो एकेक रेणू हव्या त्या जागी फिरवून, वळवून बसवून पाहतो आणि पकडीचे गुण किलोकॅलरीत देतो. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट.

पण हे गुण म्हणजे अंदाज. सुमारे 1.4 किलोकॅलरीच्या फरकाने पकड दहापट बदलते, आणि प्रोग्रामची चूक त्याहून सहज मोठी असते. तरीही ‘उणे आठ’पेक्षा ‘उणे नऊ’ सरस, एवढ्यावर प्रबंध संपतात. हे मला पटत नाही.

व्हॉक्सेलोटोर या सिकलसेलवरच्या औषधाचंच घ्या. हिमोग्लोबिनची रचना समोर ठेवून हे औषध घडवलं, 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रेणू जागेवर अचूक बसत होता. तरी सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण काळजी वाटावी असं दिसलं. शेवटचा शब्द रुग्णाच्या शरीराचाच.

मग इथे काय करता येईल? सिकलसेलच्या निदानासाठी रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून ऑक्सिजन काढून घेतात आणि काचपट्टीवर वाकलेल्या पेशी पाहतात. रुग्णाच्या संमतीने घेतलेल्या रक्तात निवडलेला रेणू आधी मिसळायचा, मग तीच चाचणी करायची आणि पेशी मोजायच्या. याला फार खर्च नाही. फार्मसी महाविद्यालय आणि रुग्णालयाची रक्तप्रयोगशाळा यांनी एकत्र बसायला हवं. डॉकिंगच्या प्रत्येक प्रबंधाला अशा मोजणीचं एक प्रकरण जोडलेलं असावं, अशी माझी विद्यापीठाला आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती आहे.