बंदरामागचा मुलूख

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत येऊन मी समुद्राबद्दल बोलणार आहे. हे शहर, म्हणजे जुनं खडकी, 1610 साली वसवणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून समुद्र ओलांडून आला होता. शेजारच्या पैठणचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांतून भडोच बंदराला जायचा, अशी नोंद 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. तेव्हा विषय तुमच्या घरचाच आहे.

मुंबईचं बंदर बेटाच्या पूर्वेला आहे. पावसाळ्यात नैऋत्येकडून वारा सुटतो, दर्या खवळतो, तेव्हा बेटच आड येतं आणि आतल्या पाण्यात जहाजं नांगर टाकून सुखरूप राहतात. पोर्तुगीजांनी 1661 च्या तहात हे बेट राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला दिलं, त्याने 1668 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवलं. पण नुसत्या खाडीने आरमारी शहर उभं राहत नाही. 1736 मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर जहाजं बांधायला आला. 1750 मध्ये सुकी गोदी पुरी झाली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की पाणी उतरू द्यायचं आणि दार लावायचं. मग जहाज टेकूंवर कोरडं उभं राहतं, बुडाच्या फळ्या सुतारांच्या हाताशी येतात. समुद्राच्या रोजच्या चढउतारालाच कामाला जुंपलेलं! वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' 1817 मध्ये पाण्यात उतरलं; इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही तरंगतं आहे. पुढे 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली, देशावरचा कापूस खाली उतरला आणि मुंबई वाढतच गेली.

आता कोकणातला विजयदुर्ग. जागा म्हणून मला तो मुंबईहूनही सरस वाटतो. वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी किल्ला, आत निवाऱ्याचं पाणी. उथळ बुडाची मराठी गलबतं खाडीत दूरवर शिरायची. फिरंग्यांच्या अवजड जहाजांना तिथवर पाठलाग जमत नसे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात याच किनाऱ्याने परकीय आरमारांना जेरीस आणलं. तरीही फेब्रुवारी 1756 मध्ये कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार याच बंदरात जळालं. समोरून इंग्रजांच्या तोफा होत्या आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. खाडी होती तशीच होती, पाठीमागचा मुलूख उलटला होता. मराठी आरमाराचं कंबरडं त्या दिवशी आपल्याच माणसांच्या साथीने मोडलं, हे मला आजही सलतं.

म्हणून हे तुम्हाला सांगायचं. बंदराची ताकद पाण्याइतकीच त्याच्या पाठीशी असलेल्या मुलखात असते, आणि तो मुलूख तुम्ही आहात. इथल्या शेंद्रा, वाळूजच्या कारखान्यांचे कंटेनर आज मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातात. तिथल्या जलमार्गातला गाळ सतत उपसावा लागतो. खाडीकाठची तिवरं तुटली तर किनाऱ्याचा आधार जातो, मासळीची वाढण्याची जागाही जाते. भूगोल, स्थापत्य, जीवशास्त्र, इतिहास शिकलेल्यांना तिथे भरपूर काम आहे. कोकणच्या खाड्यांचं काम कोकणातल्यांनीच करावं असं मला वाटत नाही. मराठवाड्यातली मुलं-मुली तिथे यावीत, तांडेलांशी, कोळणींशी बोलावीत, भरती-ओहोटीची गणितं शिकावीत, ही माझी मनापासूनची मागणी आहे.