घरातली वेठ
(गर्भारशीच्या शेवटच्या तीन महिन्यांविषयी खारेपाटातील बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



१९३३ साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली खोतांची शेते कसण्याचे नाकारले. सहा वर्षे हाल सोसले, पण मान तुकवली नाही. त्या खारेपाटात उभे राहून आम्ही एक प्रश्न विचारतो, रागावू नका. खोताची वेठ आपण झुगारली. मग नववा लागलेली सून डोक्यावर हंडे वाहते, ती वेठ कोणाची? सातव्या महिन्यात आपण उसनवारी करून तिचे डोहाळजेवण करतो आणि आठव्यात तिलाच लावणीस वाकवतो!

अठ्ठाविसाव्या आठवड्यास पोटातले मूल सुमारे १ किलोचे असते. दिवस भरता ते अडीच-तीन किलोचे होते. हे सारे हाडमांस आईच्या अंगातून जाते. गर्भाची पिशवी बरगड्यांपर्यंत चढते, म्हणून धाप लागते, छातीत जळजळते. लघवीची पिशवी दाबली जाते, म्हणून रात्री चारदा उठावे लागते. कंबर धरते, सांजेस पावले सुजतात. पोट मधूनच घट्ट होऊन सैल पडते, त्या खोट्या कळा. दिवसभर चिखलात राबून येणारी दमणूक हिला बसल्या जागी येते. यास नखरा म्हणू नका.

मनाचेही तसेच. झोप उडते, वाईट स्वप्ने पडतात, उगाच रडू येते, बाळंतपणाची धास्ती बसते. सासू म्हणते, "आम्ही नाही का बाळंत झालो?" झालात, मावशी, पण तेव्हा तुमच्याही मनात हीच भीती होती आणि विचारणारे कोणी नव्हते. तुम्ही तरी विचारा. तिने अन्न, बोलणे सोडले, जगणे नको म्हणू लागली, तर मात्र डॉक्टरला दाखवा.

कोणी सांगतात, कमी खाल्ले की मूल लहान राहते व सुटका सोपी होते. हे साफ खोटे. मूल अशक्त निपजते, आईच्या अंगात रक्त राहत नाही, आणि मग बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी जीवावर बेतते. तिला नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडी, ताजी मासळी पोटभर द्या. लोहाच्या गोळ्या सरकारी उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. शौचास काळे झाले तर भिऊ नये. ग्रहणात तिला उपाशी कोंडणाऱ्या पंचांगाचे ऐकू नका.

पण काही खुणा थांबण्याच्या नव्हेत. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड व हात सुजणे, हे रक्तदाब चढल्याचे लक्षण. पुढे झटके येतात. अंगावरून रक्त वा पाणी जाणे, ताप येणे, मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसताच भगताकडे अंगारा मागू नका. त्याच घटकेस १०८ वर फोन करा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे व जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस मोफत तपासणी होते. पावसाळ्यात खाडीची होडी भरवशाची नसते. म्हणून पलीकडच्या घरांनी आठव्यातच दवाखाना, गाडी, पैसे आणि रक्त देणारी माणसे ठरवून ठेवावीत.

१८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या गर्भार विधवांना त्यांच्याच धर्ममार्तंडांनी मरणाच्या दारात लोटले, त्या तेथे सुखरूप बाळंत झाल्या. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत. त्याला त्या दांपत्याने आपलासा केला. त्यांनी परक्यांसाठी एवढे केले. आपल्याला आपल्याच सुनेसाठी फार थोडे करायचे आहे.

म्हणून दादांनो, आज घरी गेल्यावर सत्यधर्माचा जयघोष मागाहून करा. आधी हंडा उचला आणि पाणी तुम्ही आणा.