जिल्हा परिषदेची शाळा आणि आपले कर्तव्य



आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे शाळेकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. जमा किती झाले आणि अखेरीस शिल्लक किती राहिले, एवढेच आम्ही विचारतो.

हा हिशेब आपल्या समाजाला नवा नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की, सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामावर भरते, पण शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाच्या मुलांवर खर्च होतो. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारच्या पदरात घातले. त्यानंतर आठच दिवसांनी महाडचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क आणि पाटीचा हक्क बाबासाहेबांनी एकाच महिन्यात मागितला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आज काळ बदलला. पहिलीत मुलाचे नाव घातले नाही असे घर आपल्या वस्तीत शोधावे लागेल. मग गळती कोठे आहे? शिरूर व दौंड हे आपले दोन्ही तालुके उसाचे. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात आणि फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. जूनमध्ये गावाकडच्या शाळेत ज्याचे नाव पटावर चढले, ते मूल नोव्हेंबरात इकडे धाकटे भावंड सांभाळत बसलेले असते. तिकडच्या पटावर नाव आहे, इकडच्या वर्गात मूल नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते चालू आहे, व्यवहार बंद आहे.

कायदा मात्र या मुलाच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्ष अर्धे सरले म्हणून अथवा जन्माचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यावाच लागतो. पण हे त्या कोपीतल्या आईला कोणी सांगायचे? मुकादम सांगणार नाही.

आता कोणी म्हणेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवून उपयोग काय? याचे उत्तर शिरूर तालुक्यातच आहे. शिक्रापूरजवळची वाबळेवाडी ही एका लहानशा वाडीची शाळा. २०१२ साली दत्तात्रय वारे गुरुजी तेथे आले. ग्रामस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेवर गेले. पट अगदी नावापुरता उरलेली ती शाळाही लोकसहभागातून उभी राहिली आणि २०२५ साली तिला जागतिक पातळीवरील लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच.

परंतु बंधूंनो, प्रत्येक गावाला वारे गुरुजी मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी शिक्षकाची बदली होतेच. गुरुजी जातात, गाव राहते. म्हणून शाळा टिकवायची असेल तर ती गावाच्या आधारावर उभी राहिली पाहिजे. त्यासाठी कायद्याने एक साधन दिलेले आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा अधिकार या समितीला आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत समितीची सभा भरत नाही, सभेची वहीच सह्या मागत घरोघर फिरते. मजुरीला गेलेली बाई संध्याकाळी दमून येते आणि न वाचता अंगठा उठवते. बँकेत कोऱ्या चेकवर सही करू नका असे आम्ही रोज सांगतो. ही सहीसुद्धा तशीच आहे.

म्हणून चार सूचना आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, समितीची सभा मजुरी सुटल्यानंतर, संध्याकाळी भरावी असा आग्रह धरा. मागील सभेचा वृत्तान्त आणि खर्चाचा तपशील मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणी सही करू नये.

दुसरी, दर नोव्हेंबरात आपल्या कार्यकर्त्यांनी कोप्यांवर जावे, मुलांची यादी करावी आणि ती मुख्याध्यापकांकडे देऊन पोच घ्यावी. मुले गावी परतताना त्यांचे शिक्षण हमी कार्ड त्यांच्या हाती पडले की नाही, हेही पाहावे.

तिसरी, ज्या वाडीवरील शाळेचा पट वीसच्या खाली गेला आहे तिच्याकडे विशेष लक्ष द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले होते. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतील, हे आम्ही नाकारत नाही. पण ओढा आणि महामार्ग ओलांडून सातवीतली मुलगी रोज तेथे जाईल काय, हा प्रश्न तिच्या आईला विचारल्याशिवाय ठराव होऊ देऊ नका.

चौथी, आपल्या विहाराची खोली संध्याकाळी मोकळी असते. तेथे दिवा आणि सतरंजी असली की अभ्यासिका होते. आपल्यातील नोकरदारांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. शाळेतल्या गुरुजींना माहिती भरण्याच्या कामात मदत केली तरी तेवढा वेळ फळ्यापुढे मिळेल.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. ज्याला परवडते त्याने आपल्या मुलाचे भले पाहावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ज्यांना परवडत नाही त्यांची मुले याच शाळेत आहेत आणि त्यांच्या वतीने बोलणारे कोणी उरलेले नाही. बोलता येणारी माणसे शाळेपासून दूर गेली की शाळा मुकी होते.

शंभरातील अठरा मुलांचा हिशेब बाबासाहेबांनी कौन्सिलात मागितला. आपल्या गावच्या शाळेचा हिशेब आपण गावच्या सभेत मागू या. त्यासाठी आमदारकी लागत नाही, समितीतील एक जागा आणि एक संध्याकाळ पुरेशी आहे.