बाटलीवरचं गाव



फ्रान्समध्ये एपर्ने नावाचं गाव आहे आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरी. दोन्हीकडे मोएत हेनेसी या एकाच घराण्याचे वाइनचे कारखाने आहेत. दोन्हीकडची पद्धतही एकच. द्राक्षांचा रस एकदा आंबवून साधी वाइन करायची, ती बाटलीत भरून वर थोडी साखर आणि यीस्ट घालायचं आणि बूच लावून तळघरात आडवी ठेवायची. यीस्ट साखर खातं, त्यातून निघालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या दुपटीहून जास्त हवा त्या बाटलीत कोंडलेली असते. मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची आणि गाळाचा गोळा उडवून टाकायचा. एपर्नेत हे सगळं केलं की शॅम्पेन होते. दिंडोरीत तेच केलं की स्पार्कलिंग वाइन होते. 2013 साली ही दिंडोरीची बाटली बाजारात आली तेव्हा तिच्यावर ‘शाँदों’ हे घराण्याचं नाव छापलं, शॅम्पेन हा शब्द मात्र छापला नाही. छापता येतच नव्हता.

विठोबाच्या गोपुराच्या सावलीत बसून मी दारूबद्दल बोलतोय याची मला जाणीव आहे. आयोजकांना विषय कळवला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. पण मला प्यायच्या गोष्टीबद्दल नाही, नावाबद्दल बोलायचंय, आणि त्याला कुंभकोणमजवळच्या या गोविंदपुरम्‌सारखं गाव नाही. इथे बोधेंद्र स्वामींची समाधी आहे. उभं आयुष्य त्यांनी नामाचा महिमा सांगण्यात घालवलं. मी बाजारातल्या नामाचा महिमा सांगतो, एवढाच फरक.

तुमच्या घरातली मुलं त्रिचीहून, चेन्नईहून सिंगापूरला, दुबईला जातात. कधी कोणी कंपनीच्या खर्चाने पुढच्या रुंद खुर्चीत बसलं, तर बसता बसता शॅम्पेनच्या पेल्यांचा ट्रे समोर येतो. विमान कंपन्यांची खरी चढाओढ तिथे चालते. एमिरेट्सच्या पहिल्या श्रेणीत डॉम पेरिन्याँ मिळते, म्हणजे पुन्हा एपर्नेच्या त्याच घराण्याची. टाटांकडे परत गेल्यावर एअर इंडियाने 2023 मध्ये खाण्यापिण्याची यादी नव्याने केली, तेव्हा लॉराँ-पेरिए ही शॅम्पेन निवडली. (देशातल्या देशात उडताना आपल्याकडे मद्य देतच नाहीत, तेव्हा ही सगळी गोष्ट परदेशच्या फेऱ्यांची.) बातमीत, जाहिरातीत घराण्याचं नाव ठळक असतं. द्राक्षं कोणत्या वर्षीची, वाइन किती महिने गाळावर ठेवलेली, हे विचारणारा प्रवासी क्वचित.

आणि विचारून तरी काय कळणार? वर गेल्यावर जीभच आपली राहत नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ, आणि इतकी कोरडी की नाक सुकतं. नाक सुकलं की वास जातो आणि वासाबरोबर अर्धी चव जाते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी जमिनीवरच विमानाची खोली उभारून हे तपासलं. मीठ आणि साखर दोन्ही फिक्या लागतात, आंबटपणा मात्र टिकून राहतो. म्हणजे वाइनमधला फळाचा गोडवा मागे पडतो आणि आम्लाची धार पुढे येते. विरळ हवेत फेस जास्त जोरात उसळतो आणि बुडबुडे लवकर निघून जातात. एवढ्यावर ती वाइन एपर्नेची की दिंडोरीची हे डोळे मिटून सांगणारे थोडे असतील. त्यातून काही देशांच्या विमानतळांवर करमुक्त साठा उड्डाणाआधी उघडता येत नाही, म्हणून जमिनीवर एक बाटली आणि आभाळात दुसरी, असाही प्रकार चालतो.

थोडक्यात, महागड्या तिकिटात प्रवासी विकत घेतो ते नाव. मला त्यात काही वाईट दिसत नाही. नावाला किंमत येते ती कोणीतरी ते जपल्यामुळे, आणि शॅम्पेनचं नाव कोणी जपलं ही गोष्ट द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाने ऐकण्यासारखी आहे.

1910 च्या हंगामात शॅम्पेन प्रांतात पावसाने आणि रोगाने पीक बुडालं. बड्या घराण्यांना मात्र बाटल्या भरायच्याच होत्या. त्यांनी लांबच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षं आणि तयार वाइन आणली आणि शॅम्पेन म्हणून विकली. शेतकऱ्याच्या हातात ना पीक, ना भाव. 1911 च्या जानेवारीत आणि मग एप्रिलमध्ये शेतकरी उठले. आई नावाच्या गावात व्यापाऱ्यांच्या कोठ्या पेटवल्या, पिंपं रस्त्यावर फोडली. सरकारला लष्कर पाठवावं लागलं. त्यातला एक झगडा शेतकऱ्या-शेतकऱ्यांतलाही होता. ओब जिल्ह्यातले म्हणत होते, आम्हीही शॅम्पेनचेच. मार्न जिल्ह्यातले म्हणत होते, मुळीच नाही. गावाची हद्द कुठे संपते यावर माणसं दंडुके घेऊन उतरली होती. ती हद्द अखेर 1927 च्या कायद्याने आखली गेली आणि 1936 मध्ये शॅम्पेन हे सरकारमान्य नाव झालं. आज त्या हद्दीत सुमारे 34,000 हेक्टर द्राक्ष आहे. तिच्या बाहेरच्या एका फुटावर लावलेल्या वेलाची वाइन शॅम्पेन नाही, मग ती कितीही सुरेख असो.

नंतर त्या लोकांनी हे नाव जगभर न्यायालयांत लढवलं. 1960 मध्ये लंडनला ‘स्पॅनिश शॅम्पेन’ विकणाऱ्या कंपनीला त्यांनी थांबवलं. बाटलीवर स्पॅनिश असं स्वच्छ लिहिलेलं असूनही. 1993 मध्ये इव्ह सँ लॉराँ या नामांकित घराण्याने ‘शॅम्पेन’ नावाचं अत्तर काढलं. पॅरिसच्या न्यायालयाने तेही बंद पाडलं. अत्तर कोणी पिणार नव्हतं, पण शेतकऱ्यांनी घडवलेल्या नावाचा दिमाख त्यात फुकट वापरला जात होता, हे न्यायालयाला पटलं. चेन्नईला भौगोलिक निर्देशांकांचं, म्हणजे गावाशी जोडलेल्या मालाच्या नावांचं, आपलं नोंदणी कार्यालय आहे, तिथेही शॅम्पेनची नोंद आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना ते विठाबाईमुळे माहीत असेल. तमाशाच्या फडावर उभी राहिली तरी ती विठाबाई नारायणगावकरच होती. दिल्लीपर्यंत गाव तिच्या नावाला चिकटून गेलं. त्याच गावाजवळ 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पिपर-हाइडसीक घराण्याचं तंत्र आणून बाटलीत आंबवलेली वाइन बनवायला घेतली. धाडस विलक्षण होतं. देशात वाइन पिणारे मूठभर, बाहेर भारतीय वाइनवर हसणारे ढीगभर. तरीही ती बाटली इंग्लंडच्या दुकानांत पोचली आणि चाखणाऱ्यांनी तिची तारीफ केली.

पण नावं पाहा. कंपनीचं नाव ‘शॅम्पेन इंदाज’. देशात विकायच्या बाटलीचं नाव ‘मार्कीज द पाँपादूर’, फ्रान्सच्या राजाच्या मैत्रिणीवरून. परदेशी जाणाऱ्या बाटलीचं नाव ‘ओमर खय्याम’, इराणच्या कवीवरून. सह्याद्रीच्या कुशीतली माती, जुन्नरचं पाणी, आमच्या मजुरांचे हात, आणि नावात एक फ्रेंच बाई नि एक फारसी बुवा. चौगुल्यांना दोष देणं सोपं आहे. त्या काळी ‘नारायणगाव’ असं छापलं असतं तर मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात ती बाटली कोणी उघडली असती का, मला शंका आहे. तरी हळहळ वाटतेच. 2008 च्या जागतिक मंदीनंतर ती कंपनी कर्जात बुडाली. विठाबाई गेल्यावरही नारायणगाव तिच्यामुळे आठवतं. कंपनी गेल्यावर गावाच्या पदरात काय राहिलं? उसनं नाव ज्याचं होतं त्याच्याकडे परत गेलं.

त्यानंतरची पिढी थोडी शहाणी निघाली. राजीव सामंतांच्या सुला कंपनीची ‘ब्रूट’ बाटलीतच आंबवतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ अशी रीतसर नोंदणी झाली आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरला की गोडी छाटणी, आणि ज्या द्राक्षाची बुडबुड्यांची वाइन करायची ते साखर फार चढायच्या आत, आम्ल शाबूत असताना उतरवायचं. म्हणजे तुमच्या मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या थंडीत. फ्रान्सचा शेतकरी तेव्हा घरात शेकत बसलेला असतो. त्याची तोडणी सप्टेंबरातच झालेली असते. वर्षाचं चक्रच उलटं असलेल्या या मुलखाने तिकडची नक्कल म्हणून का मिरवावं?

इंग्रजांनी हे ओळखलं. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या जमिनीत आता चांगली स्पार्कलिंग वाइन होते, आणि ब्रिटिश एअरवेजने अलीकडच्या वर्षांत ती आपल्या बिझनेस श्रेणीत, इंग्लिश म्हणूनच, ठेवायला सुरुवात केली. पहिल्या श्रेणीतून मात्र शॅम्पेन त्यांनीही काढली नाही. इतका धीर अजून त्यांना झालेला नाही. माझं म्हणणं एवढंच की मुंबईहून लंडनला जाणाऱ्या आपल्या विमानात लॉराँ-पेरिएच्या शेजारी नाशिकची एक बाटली असावी, आणि तिच्यावर नाशिक हे नाव घराण्याच्या नावाहून मोठ्या अक्षरांत असावं. स्वस्तातला पर्याय म्हणून मागच्या खुर्च्यांना ती देऊ नये. तसं केलं तर नाव आणखी खाली जाईल.

तुम्ही म्हणाल, हे नाशिककरांचं दुखणं, कावेरीकाठच्या रायरांना, म्हणजे इथल्या मराठी माणसांना, त्याचं काय? चेन्नईहून इकडे येताना महामार्गावर पितळी टंबलर-डबऱ्याचं चित्र आणि ‘कुंभकोणम् डिग्री कॉफी’ अशी पाटी किती ठिकाणी दिसते, ते आठवा. त्यांतले किती जण कुंभकोणमला कधी आलेत? तुमच्या गावाचं नाव रोज कपाकपाने विकलं जातं आणि गावाला त्यातला छदाम मिळत नाही. कॉफीचं सोडून देऊ. ती कृती आहे, कोणीही करावी. पण कुंभकोणमच्या वेत्रिलैला, म्हणजे आपल्या विड्याच्या पानाला, 2025 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शेजारच्या तिरुभुवनमच्या रेशमाला, स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्तींना, नाचियारकोविलच्या समईला तो आधीच मिळालेला आहे. दहा-वीस किलोमीटरच्या आत एवढी नावं असलेला मुलूख फ्रान्समध्येही शोधावा लागेल.

पण या नावांना शॅम्पेनइतकं कवच नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात दोन पायऱ्या आहेत. वाइन आणि मद्यार्क यांना वरची: कोणी ‘शॅम्पेनसारखी’, ‘शॅम्पेन पद्धतीची’ असं लिहिलं, खरं गाव शेजारी छापलं, तरी ते उल्लंघनच. बाकी सगळ्यांना खालची: गिऱ्हाईक फसलं हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणजे करार झाला तेव्हा युरोपच्या तळघरातल्या मालाला एक न्याय आणि आपल्या मागावरच्या, मळ्यातल्या मालाला दुसरा. भारत वर्षानुवर्षं या भेदाविरुद्ध बोलतो आहे. घरातही चित्र फार वेगळं नाही. कोलकात्याच्या एका पंचतारांकित हॉटेलात ‘दार्जिलिंग लाउंज’ होतं; टी बोर्डाने दावा लावला, आणि 2019 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने तो फेटाळला. निर्देशांक चहाला आहे, बसायच्या दालनाला नाही, असा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला. पॅरिसचं अत्तर आणि कोलकात्याचं दालन शेजारी ठेवून पाहा.

आपल्या मालाला देशात वरची पायरी द्यायला कायद्याची अडचण मात्र नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. आपल्या 1999 च्या भौगोलिक निर्देशांक कायद्याचं कलम 22 वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात केंद्र सरकारला अधिकार दिलाय की हवा तो माल निवडून त्याला तिसऱ्या पोटकलमातलं जादा संरक्षण द्यावं. ‘सारखं’, ‘पद्धतीचं’, ‘नक्कल’ असे शब्द जोडून नाव वापरणंही मग उल्लंघन ठरतं. त्या यादीत विड्याचं पान, रेशमी लुगडं किंवा समई घालायची तर संसदेत जावं लागत नाही. राजपत्रातली एक अधिसूचना पुरते, आणि ती मागायला पान पिकवणाऱ्यांनीच पुढे व्हायला हवं.