ट्रंकेतला आवाज



संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता करावी, असा रिवाज आहे. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीत उभा राहून मी आज कॅसेटींची चिंता करणार आहे.

आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती. भजनाच्या, लग्नाच्या, कीर्तनाच्या कॅसेटी तिच्यात पडलेल्या असत. एकीत माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत होती. मधेच म्हैस हंबरायची, मधेच आजी कुणाला तरी कानडीतून हाक मारायची आणि पुन्हा मराठी ओवीवर यायची. पुढे घरातल्याच एकाने त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून घेतली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, एकेका बाजूसाठी एक. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. आम्हाला कुणालाच त्या मोडायचं सुचलं नाही.

आमच्याकडे जे घडलं त्याच्या नेमकं उलट काम पुण्यात अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी केलं. 1980च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 1996च्या सुमारास संशोधक बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि सुमारे 120 तासांचा ऐवज हाती आला. पॉइटवाँ 2004 साली गेले, राईरकर 2010 साली. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, त्या ओव्या इंटरनेटवर ऐकवते आहे. मला तिथलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते आवाजाखालचं टिपण: गाणारीचं नाव, गाव, वय, मुलंबाळं, ती काय काम करते. आपल्या पोथ्यांनी कवीचं नाव जपलं. जात्यावर बसलेलीचं कुणी लिहून ठेवलं होतं? (गिरणी आली आणि पहाटेचं दळण सुटलं, याचं मला तिळभर दुःख नाही. ओवीसाठी कुणाच्या हाताला घट्टे पडावेत, असं मी म्हणणार नाही.)

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण म्हैसूर राज्यात आलो. कागद वाटता आले, आवाज कसे वाटणार? इथून जवळच हुमनाबादला माणिकप्रभू (1817–1865) होऊन गेले. त्यांची पदं मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत. एकाच बैठकीत ती सगळी गायली गेली, तर त्या ध्वनिमुद्रणाची भाषा कोणती लिहायची? यादीत भाषेसाठी एकच रकाना असला की नोंद करणारा बिचारा ‘इतर’ लिहून मोकळा होतो. या ‘इतर’वर माझा राग आहे. तिथे पडलेली गोष्ट पुढे मराठीवालाही शोधत नाही आणि कानडीवालाही. म्हणून रकाने दोन ठेवा, चार ठेवा; दखनीलाही एक ठेवा.

यंत्राचं थोडक्यात सांगतो. फितीवरचा लेप दमट हवेत खराब होतो, बुरशी धरते. शिवाय कॅसेट वाजवणारं चांगलं यंत्र आता मिळत नाही, आणि ते दुरुस्त करणारा तर त्याहून दुर्मीळ. जतनासाठी डब्ल्यूएव्ही फाइल करावी, 24 बिट, 96 किलोहर्ट्झची. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. व्हॉट्सअॅपवर फिरवायला एमपी3 पुरे, पण ती मूळ प्रत समजू नये. एक प्रत तरी दुसऱ्या गावी ठेवावी. आणि फिरवण्याआधी गाणारीला विचारावं. बायकांनी बायकांपुरतं म्हटलेलं गाणं तिला गावभर नको असेल, तर ते नको.

पोरं हे सगळं आठवड्यात शिकतील. अडतं ते दुसरीकडे. कॅसेटवर नुसतं ‘भजन’ लिहिलेलं असतं. कुणाचं, कुठल्या गावचं, पेटीवर कोण होतं, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा घरी गेलात की ट्रंक उघडा. कॅसेट लगेच वाजवून बघू नका. आधी मागच्या कडेच्या त्या पट्ट्या मोडा. मग वही घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हा आवाज कुणाचा. यंत्राचं नंतर बघू.