लोकसभा आणि आपले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी मिरजगाव येथे दिलेले भाषण)



लोकसभा कशी बनते, हे सांगण्यास मला सुचविले आहे. विषय दिल्लीचा वाटतो खरा; पण त्याचा पाया आपल्या गावच्या मतदारयादीत आहे.

लोकसभेच्या एकंदर ५४३ जागा आहेत. राज्यांच्या जागा लोकसंख्येच्या मानाने ठरतात. महाराष्ट्राच्या वाट्यास ४८ आल्या. आपल्या जिल्ह्यात नगर व शिर्डी असे दोन मतदारसंघ असून शिर्डीची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपले मिरजगाव कर्जत-जामखेड या विधानसभेच्या मतदारसंघात मोडते, आणि तसे सहा मिळून लोकसभेचा नगर मतदारसंघ होतो. ज्याला सर्वांत जास्त मते, तो पाच वर्षांसाठी निवडून जातो. ज्या पुढाऱ्यामागे सभागृहातील निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान २७२ सभासद उभे राहतात, तो पंतप्रधान होतो. सरकारच्या खर्चाला मंजुरी देणे मुख्यतः याच सभागृहाच्या हाती असते. आपल्या रेशनच्या धान्याचा २०१३ चा कायदादेखील संसदेतच झाला. तेव्हा चुलीचा आणि लोकसभेचा संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

आता मुख्य गोष्ट. १९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. परंतु याद्या करणारे दारी आले, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांतील पुष्कळ बायकांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच त्यांनी लिहविले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरविले, आणि सुमारे ८ कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे यादीबाहेर राहिली. आपल्याकडे पतीचे नाव उखाण्यात घेण्याची रीत; पण मतदानाला स्वतःचेच नाव लागते!

आज नाव सांगायला कोणी लाजत नाही. पण लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतच राहते, आणि मतदानाच्या दिवशी तिला परत यावे लागते. अशा सुनेने नमुना ८ भरून नाव इकडे आणावे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी नमुना ६ आहे. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे हे काम होते.

सासरी नाव नोंदविलेली स्त्री कोठवर जाते, पाहा. सुमित्रा महाजन जन्माने चिपळूणच्या, सासर इंदूरचे. इंदूरने त्यांना आठ वेळा निवडून दिले, आणि २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. परंतु २०२४ साली निवडून आलेल्या स्त्रिया ५४३ मध्ये ७४ च, आणि आपल्या ४८ मध्ये ७. एकतृतीयांश जागा स्त्रियांना राखणारी घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली. जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांच्याशी तिचा अंमल जोडला गेला.

राखीव जागा कायदा देईल. यादीतले नाव मात्र ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते. तेव्हा प्रत्येक भगिनीने आपले, सुनेचे आणि शेजारणीचे नाव यादीत आहे की नाही ते स्वतः पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.